एक तासाची शांतता

१

ओझरच्या लग्नात माझ्या नवऱ्याचा, दिनेशचा लॅपटॉप भर वरातीत अडकला, तेव्हा मी तिथे नव्हते. पुंजारामभाऊंनी मागाहून सांगितलं ते एवढंच, की नवरदेव घोड्यावर होता, पोरं ऐन रंगात आली होती आणि गाणं एका शब्दावर अडकलं. तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा, टेम्पोवरच्या सगळ्या स्पीकरांतून. मग पडद्यावर अँटीव्हायरसची खिडकी उघडली आणि सगळंच बंद पडलं. कुणीतरी दिनेशची कॉलर धरली. घोडा बुजला. उरलेली वरात ताशावर निघाली.

पुंजारामभाऊंचा टेम्पो, दिनेशचं साउंड. चार वर्षं दोघांनी सीडीवर काढली होती. २००७ च्या त्या उन्हाळ्यात नाशकात लॅपटॉपवर वाजवणारे थोडेच होते, आणि त्यांतला एक असल्याचा दिनेशला फार अभिमान होता. त्या रात्री घरी येऊन तो ओट्यावर बसला आणि जेवताना एक शब्द बोलला नाही. दिनेश आणि न बोलता जेवण! माझ्या सासूबाई चिमणाबाई नेहमी म्हणायच्या, "ह्याचं तोंड झोपेतच काय ते बंद राहतं." फाटकातून आत येतानाच तो ओरडायचा, "आहे का कोणी घरात?" घरात आम्ही दोघीच असायचो, आणि त्याला ते माहीत असायचं. तरी रोज तेच.

पुढचं काम सटाण्याला होतं, कांद्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडच्या हळदीचं. ओझरची बातमी तिथवर गेली होती. त्यांचा निरोप आला: नीट वाजणार असेल तर या, नाहीतर आत्ताच सांगा.

"माझ्याकडे द्या तो," मी म्हणाले. "मी तयार करते."

मी पंचवटीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मशीन सांगितलं तेवढंच करतं, हे वाक्य दर बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचे.

२

लॅपटॉप अशा कामासाठी तयार करायचा म्हणजे मुख्यतः त्याच्या सवयी मोडायच्या. त्याला मध्येच अपडेट शोधायला जायचं असतं, ते बंद. अँटीव्हायरस, स्क्रीनसेव्हर, वायरलेस बंद. हार्डडिस्क थोड्या वेळाने झोपते, तिला झोपू द्यायचं नाही. बारीकसारीक चुकीला डिंग असा आवाज करतो, तो तर आधी बंद. हजार माणसांत ते डिंग स्पीकरमधून गेलं तर हसं होतं. फोटो, गेम, जुन्या फायली सगळं पुसून मी फक्त गाणी आणि ती वाजवणारं सॉफ्टवेअर ठेवलं. आतला माइकही बंद केला, कारण त्याचा उपयोग नव्हता.

आमचं घर मखमलाबादच्या रस्त्याला, शहर संपून मळे सुरू होतात तिथे. पुढे ओटा, मधली खोली, आत स्वयंपाकघर, मागे झेंडूचा तुकडा. दुपारी भारनियमनात वीज गेली की कूलर बंद पडायचा आणि घर इतकं शांत व्हायचं की सासूबाईंच्या सुईतून दोरा सरकताना ऐकू यायचा. मला ती वेळ सोयीची होती. लॅपटॉप बॅटरीवर, कानांना हेडफोन.

तपासायचं हे होतं की आवाजात कुठे बारीक कट्-कट् येते का. लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी थोडा साठवून ठेवतो. साठा मोठा ठेवला की बटण दाबल्यावर गाणं उशिरा सुरू होतं. लहान ठेवला की लगेच सुरू होतं, पण मशीनची धावपळ होऊन कट्-कट् येऊ शकते. मला तो साठा जितका लहान करता येईल तितका करायचा होता. गाण्याच्या गोंधळात कट्-कट् कळत नाही, म्हणून मी एक तासाची फाईल बनवली, जिच्यात काहीच नव्हतं. नुसती शांतता. ती लावून ऐकत बसायचं.

पडद्यावर गाण्याचा आलेख सरकत असतो. मधोमध एक लाल उभी रेघ असते. रेघेच्या डावीकडे वाजून गेलेलं, उजवीकडे वाजायचं असलेलं. मोठा आवाज तिथे उंचवटा, शांतता तिथे सपाट पट्टी. माझ्या फाईलची पट्टी अर्थातच सपाट होती.

मी साठा एक पायरी कमी केला. मग अजून एक. कट्-कट् नाही. अगदी तळाला नेला.

तेव्हा उजव्या कडेने एक उंचवटा आत आला.

लहानसाच, करवतीच्या दातासारखा. मला वाटलं पडद्यावर कचरा आहे. पदराने पुसलं. तो पट्टीबरोबर सरकत राहिला. लाल रेघेला टेकला, आणि स्वयंपाकघरात फळीवरची परात खाली पडली.

हेडफोनमध्ये काहीच वाजलं नव्हतं. आवाज घरातून आला होता.

"मांजर हाय वाटतं," सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

३

मी शिकवणारी बाई. आधी कारण शोधायचं, मग घाबरायचं.

पहिलं कारण माइक. बंद केलाय असं मला वाटतंय, पण तो चालू असेल आणि घरातले आवाज पट्टीवर उमटत असतील. मी त्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली. पण मग उंचवटा रेघेवर उमटायला हवा. तो उजवीकडून, आवाजाच्या आधी कसा येईल? दुसरं कारण योगायोग. फाईलमध्ये काहीतरी घाण राहिली असेल. ती पुसून नवी बनवली. दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली तर पट्टी टोकापासून टोकापर्यंत सपाट.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासहून आल्यावर पुन्हा लावली. थोडा वेळ काही नाही. मग एक निमुळता, चाकूच्या पात्यासारखा उंचवटा आला. रेघेला लागला, आणि शेजारच्या बंगल्यात कुकरची शिट्टी झाली. त्याच्यामागे तसाच दुसरा येत होता. मी हेडफोन काढून वाट पाहिली. दुसरी शिट्टी झाली.

मग एक खडबडीत झुपका आला. मी सासूबाईंकडे बघत राहिले. त्या झेंडूची माळ ओवत होत्या. झुपका रेघेला टेकला तसा त्यांना ठसका लागला.

"काय गं, अशी काय बघतीस?"

"काही नाही, आई. पाणी आणू?"

"आता कशाला, गेला ठसका."

त्या आठवड्यात मला ते आकार ओळखू यायला लागले. याची मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन दिवस गंमत वाटली. कुकर, ठसका, रस्त्यावरून जाणारी एसटी, देवघरातली घंटा. सगळ्यांत सोपी दिनेशची हाक. आधी फाटकाचा एक काटा, मग "आहे का कोणी घरात"चा एक रुंद, डोंगरासारखा आकार, उजवीकडे उतरत गेलेला. तो पट्टीवर दिसला की मी उठून चहा ठेवायचे.

"तुला बरं कळतं मी आलेलो," दिनेश म्हणायचा. "चहा उकळतच असतो."

पण अंतर वाढत चाललं होतं. आधी उंचवटा रेघेला टेकला की त्याच क्षणी आवाज व्हायचा. मग टेकून गेल्यावर जरा वेळाने होऊ लागला. मग एके दिवशी मी पट्टीवर घंटेचा आकार पाहिला, आणि दिवसभर घंटा वाजली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी वाजवली.

४

दिनेशला दाखवायचं ठरवलं. त्या दिवशी तो दुपारी घरी होता. मी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"हे बघा. हे उंचवटे येतायत ना, कुकरचे आहेत. आपल्या कुकरचे."

तो वाकून बघत राहिला. "कुठे?"

"हे काय, बोट ठेवलंय मी."

"ज्योत्स्ना, सरळ रेघ आहे. तूच म्हणालीस ना की फाईल रिकामी आहे?"

मला तो आकार स्पष्ट दिसत होता, माझ्याच नखाखालून सरकताना. तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली.

"बघा!"

"कुकर तूच लावून आलीस," तो हसत म्हणाला. "मग शिट्टी होणारच की. मी पण सांगतो, आता अजून एक होणार." आणि झालीच. तो खदखदून हसला. "बघ, मला लॅपटॉप पण लागत नाही."

मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सकाळी क्लास, दुपारी हे. डोळे शिणलेत तुझे. मशीन नीट चालतंय ना?"

"एकदम नीट."

"अडकत नाही ना?"

"नाही. एकदाही नाही."

"मग झालं तर. माझी राणी ती." आणि त्याने पडद्यावरच्या दोन डेकवर दोन गाणी लावून ती एकमेकांत अशी सफाईने मिसळली, की सासूबाई माळ सोडून बघायला आल्या. साठा तळाला असल्यामुळे बटण दाबताक्षणी आवाज निघत होता. दिनेशचा चेहरा ओझरनंतर पहिल्यांदा पूर्वीसारखा दिसला. मी कुकर उतरवायला उठले. मला दिसतंय ते त्याला दिसत नाही, तर माझ्याच डोळ्यांत काही असेल, हे मानणं सोपं होतं.

५

सटाण्याला निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटची तपासणी करायला बसले. दिनेश आणि पुंजारामभाऊ बाहेर टेम्पोत स्पीकर चढवत होते. दोऱ्या आवळताना दिनेशची बडबड आत ऐकू येत होती.

शांततेची फाईल पुसायची होती. पुसण्याआधी, का कोण जाणे, मी पट्टी लहान केली, म्हणजे एका नजरेत पुढचं खूप सारं दिसावं.

एका तासाची ती पट्टी कितीतरी दिवसांच्या आकारांनी भरलेली होती. जवळच्या भागात टेम्पो सुरू होण्याचा मोठा आकार. त्यापुढे एक लांब सपाट जागा; पट्टीवर आमच्या घरचेच आवाज उमटायचे, म्हणजे ही लॅपटॉप घरात नसतानाची. आणि मग पुन्हा आमचं घर. घंटा, ठसका, कुकर, एसटी, माझा स्वतःचा आवाज. लॅपटॉप सटाण्याहून परत आला होता, एवढं मला कळलं. मी डोंगरासारखा आकार शोधू लागले. फाटकाचा काटा सापडला, पण त्याच्यामागे काही नव्हतं. पुढे अजून एक काटा, त्याच्यामागेही सपाट. मी सरकवत गेले, पुढे आणि पुढे. ठसके होते, घंटा होत्या, पावसाळ्यासारखी बारीक खरखर होती. दिनेश कुठेच नव्हता.

लॅपटॉप घरी येणार होता. तो येणार नव्हता.

मी बाहेर धावले. तो टेम्पोच्या पाठीवर उभा होता.

"तुम्ही जाऊ नका."

"काय?"

"सांगा त्यांना, आजारी पडलात म्हणून. दुसऱ्या कुणाला पाठवा."

पुंजारामभाऊ माझ्याकडे बघायला लागले. दिनेश खाली उतरला, मला ओट्याच्या कडेला घेऊन गेला.

"ज्योत्स्ना, आज नाही गेलो तर मला कोण बोलावणार? ओझरचं सगळ्यांना माहीत आहे. सटाण्याला धड वाजलं तरच मी उभा राहीन." तो रागावला नव्हता. "तूच एवढा तयार करून दिलास. आणि आता तूच घाबरतीस?"

 पट्टीवर तुमचा आवाज नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"टेम्पो हळू चालवा," मी पुंजारामभाऊंना म्हणाले. "मनमाडच्या रस्त्याला ट्रक फार असतात."

"आपला रस्ताच तो नही वहिनी," ते हसून म्हणाले. "देवळ्यावरून जातो आपण."

मी फाईल पुसली. लॅपटॉप बॅगेत घातला. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दिनेश मागे वळून काहीतरी ओरडत होता, आणि इंजिनाच्या आवाजात ते नीट ऐकू आलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ते यायचे होते. मी क्लासला गेले नाही. भांडी घासलेली परत घासली. सासूबाई फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजारात जाऊन परतही आल्या.

"सटाणा काय लांब हाय का? येतील. लय जीव काढू नको."

उन्हं ओट्यावर चढली तेव्हा टेम्पोचा आवाज आला. मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. काचेमागे दोन डोकी दिसली. दोन. मी फाटकाचा गज धरला.

दिनेश उडी मारून उतरला. कपाळाला, कानामागे हळद लागलेली, डोळे जागरणाने लाल, आणि तोंडभर हसू. तो हात पसरून माझ्याकडे आला. त्याने फाटक ढकललं, ते करकरलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

काहीच ऐकू आलं नाही.

मागे टेम्पोचं इंजिन घरघरत होतं. पुंजारामभाऊंनी दार आपटलं, ते ऐकू आलं. रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला. दिनेश माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून बोलत होता, हसत होता, आणि त्याच्या तोंडातून श्वासाचासुद्धा आवाज येत नव्हता.

"आलास का रे बाबा," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. मग थांबल्या, जसं कुणाचं ऐकताना थांबतात तशा, आणि हसल्या. "वा! शालसुद्धा दिली का?"

तो आत गेला. त्याच्या चपला फरशीवर वाजल्या नाहीत.

मी पुंजारामभाऊंना गाठलं. "तिकडे काय झालं?"

"काहीच व्हयनं नही वहिनी. एकदाबी अडकनं नही. लोक खूश." ते दोरी गुंडाळत होते. "तुम्ही लॅपटॉप असा करून दिला की बस."

"ह्यांना काही झालं का?"

त्यांनी दोरी टेम्पोत टाकली. "दिनेशभाऊ चांगला शे. फक्त एक... गाणं चालू असताना त्याने हेडफोन लावले अन् कितीतरी वेळ काढलेच नही. मान हलवत होता. हो, हो, अशी. मी म्हटलं, ताल धरत असेल."

७

कॉलेज रोडच्या कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून सगळे सूर ऐकवले. बारीकातला बारीक सूर मी बरोबर ओळखला. कान उत्तम आहेत, ते म्हणाले. मग त्यांनी दिनेशकडे वळून काही विचारलं, त्याचं उत्तर ऐकलं, आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं.

मी त्याला मोबाइलवर फोन लावून पाहिला. त्याने उचलला. मागे सीबीएसच्या, बसस्टँडच्या चौकातले हॉर्न, रिक्षावाल्यांचा ओरडा, कुणीतरी "दिनेशभाऊ" म्हणून मारलेली हाक. मी नुसती कान लावून होते. मग कुणीतरी फोन ठेवला.

तो पाणी प्यायचा तर भांडं वाजायचं नाही. ओटा उतरला तर पावलं नाहीत. रात्री शेजारी झोपायचा, आणि मी अंधारात हात लावून बघायचे की छाती हलते का. हलायची.

बाकी जगासाठी तो होता तसाच होता. कामं इतकी वाढली की त्याला नकार द्यावे लागत. लोक घरी यायचे, त्याच्या विनोदांवर हसायचे. सासूबाई त्याच्याशी दिवसभर हुज्जत घालायच्या; मला त्यातली एकच बाजू ऐकू यायची.

माझ्याबद्दल मात्र कुजबुज सुरू झाली. माझ्या माहेरी निरोप गेला. कुणी म्हणालं मूल नाही म्हणून डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, उतारा करा. दिनेश काळजीने वाळला. माझ्यासमोर बसून हात हातात घेऊन बोलत राहायचा, आणि मी रडायचे, आणि माझ्या रडण्याने तो अजून खचायचा. शेवटी एक दिवस मी ठरवलं की हे थांबवायचं.

"येतंय मला ऐकू," मी म्हणाले. "आजपासून येतंय."

त्याचा चेहरा असा उजळला की खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही.

मग मी त्याचे ओठ वाचायला शिकले. जेवण, पाणी, पैसे, उद्या, चहा ही तोंडं ओळखू यायची. जे ओळखू यायचं नाही, त्याला मी "हो" म्हणायचे. नवऱ्याच्या बोलण्याला हो म्हटलं तर सहसा काही बिघडत नाही. तो एकटा माझ्याशी बोलायचा तेव्हा लांबलांब बोलायचा, अगदी मायेने, डोळ्यांत बघत. मध्ये थांबायचा, भुवया उंचावायचा, म्हणजे प्रश्न असायचा. मी म्हणायचे, "हो." तो समाधानाने हसायचा.

लॅपटॉप मी पुन्हा उघडला नाही. मला तयार करायला सांगायची त्याला गरजही पडली नाही. तो कधी अडकलाच नाही.

८

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. मागचा तुकडा झेंडूने पेटल्यासारखा दिसत होता. सासूबाई सकाळपासून तोडणीला गेल्या होत्या. मी मधल्या खोलीत गोणपाटावर फुलं निवडत बसले होते, लहान वेगळी, मोठी वेगळी.

दिनेश येऊन समोर बसला. आत आल्याचं मला कळलं नाही, सावली पडली तेव्हा कळलं. तो बोलायला लागला. नेहमीसारखंच, हळू, मायेने. मी फुलं निवडत मान डोलावत होते. तो थांबला. भुवया उंचावल्या.

"हो," मी म्हणाले.

मागे टोपली पडल्याचा आवाज झाला.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. फुलं त्यांच्या पायांवरून घरंगळत होती. त्या दिनेशकडे बघत होत्या. दिनेशने सावकाश मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाला. "आई" हे तोंड मला ओळखता आलं. सासूबाईंनी त्याला उत्तर दिलं नाही. त्या आत आल्या, माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर नेलं. इतक्या जोरात, की बांगडी पिचली.

झेंडूच्या मधोमध जाऊन त्या थांबल्या. त्यांना धाप लागली होती.

"तू हो म्हणलीस."

"कशाला, आई?"

"कशाला म्हंजे? त्यानं तुला तोंडावर इचारलं. माझ्या कानांनी ऐकलं मी. अन् तू फुलं निवडत हो म्हणलीस!"

"काय विचारलं त्यांनी?"

"तुझ्या नवऱ्याला कायमचा मीच ठेवून घेऊ का, आसं इचारलं त्यानं!" त्या म्हणाल्या. तेव्हा मी सांगून टाकलं.

"आई, मला त्यांचं काहीच ऐकू येत नाही. सटाण्याहून आल्यापासून. एक अक्षरसुद्धा नाही. तुम्हाला सगळ्यांना त्रास नको म्हणून मी आपली..."

"किती येळा म्हणलीस?"

"रोजच म्हणते."

सासूबाईंच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांचा हात तोंडाकडे गेला, मग खाली आला. माझ्या खांद्यावरून त्या घराकडे बघत होत्या. मी वळले.

दिनेश मागच्या दारातून बाहेर आला होता. उन्हात उभा, कपाळावर आडवा हात धरून आम्हाला शोधत. मग आम्ही दिसलो तसा हसला आणि वाफ्यांमधून चालायला लागला. त्याचे ओठ हलत होते. झेंडूची झाडं त्याच्या पायांना लागून वाकत होती, आणि त्यांची सळसळसुद्धा होत नव्हती.

"काय म्हणतायत ते?" मी विचारलं. "आई, सांगा ना. काय म्हणतायत?"

"मागं बघू नको." त्यांनी कमरेला खोचलेला विळा काढला. "बांधावरून रस्त्याला लाग. एसटी दिसली की हात कर. कुठली का असंना."

"आणि तुम्ही?"

"जा म्हणते ना!"

मी चालायला लागले. पाय वाफ्यातल्या चिखलात रुतत होते. बांधावर पोहोचले तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला. मोठा, खणखणीत. मळ्यात शिरलेल्या परक्या माणसाला दटावतात, तशा त्या आपल्या पोटच्या पोराला विचारत होत्या.

"कोन हायेस रे तू?"

त्यावर त्याने उत्तर दिलं असणार. मला फक्त विळा खाली पडल्याचा आवाज आला.